ह्मोंग, ख्मेर, लाओ, करेन पेशंटसोबत जेनेटिक्सचं काम: नवीन येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

दर ऑगस्टमधे मला दोन-चार मेसेज येतातच. ताई मी पुण्याची, जेनेटिक काउन्सेलिंग (घराण्यात येणारे आजार तपासून समजावून सांगायचं काम) शिकायला अमेरिकेत आलेय, रोटेशन मिनेसोटातल्या सेंट पॉलला लागलंय, तिथे ह्मोंग आणि करेन पेशंट खूप असतात म्हणे, मला त्यांच्याबद्दल ओ की ठो माहीत नाही, काय वाचू? प्रत्येकीला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून टाकते. नर्स असाल, लॅबमधे असाल, नुसते व्हॉलंटियर म्हणून जाणार असाल तरी चालेल. मी आधी कॅलिफोर्नियात होते आणि आता मिनेसोटात, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार.

सुरुवातीलाच एक सांगते. आपण एम.एस्सी. करून येतो, आपल्याला वाटतं जीन, क्रोमोसोम, पंचवीस टक्के एवढं नीट समजावलं की झालं काम. समोरची बाई घरी जाऊन सासूला जे एक वाक्य सांगणार आहे ना, तेवढंच तुमचं काउन्सेलिंग. बाकीचं चार्टमधे पडून राहतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका वाक्यासाठी आहेत असं समजून वाचा.

पायरी १: समोर कोण बसलंय ते आधी कळू द्या

"साउथईस्ट एशियन" हा शब्द "इंडियन" इतकाच पोकळ आहे. तुम्हाला कोणी पंजाबी लग्नाबद्दल विचारलं की तुमचा चेहरा कसा होतो, तसाच ख्मेर म्हणजे कंबोडियाच्या माणसाचा होतो तुम्ही त्याला व्हिएतनामी समजलात की, आणि त्यात जुन्या जखमा पण आहेत. १९७५ च्या एप्रिलमधे कंबोडियाची राजधानी फ्नोम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या हातात गेली, त्याच महिन्यात दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली, डिसेंबरमधे लाओसमधे सत्ता बदलली, आणि तिथून पुढे दहा लाखांहून जास्त माणसं अमेरिकेत आली. पहिल्या लाटेत सायगावचे अधिकारी, डॉक्टर, शिकलेले लोक बरेच होते. नंतर होड्यांतून आलेले, आणि थायलंडच्या कॅम्पमधे वर्षानुवर्षं काढलेले शेतकरी. ह्मोंग लोक लाओसच्या डोंगरातले, सीआयएच्या बाजूने लढले, म्हणून नंतर पळावं लागलं, बान विनाईसारख्या कॅम्पमधे एकेका कुटुंबाची दहा-दहा वर्षं गेली. शेवटचा मोठा गट थायलंडमधल्या वाट थाम क्राबोकमधून २००४ नंतर आला, साधारण १५ हजार लोक. करेन लोक बर्मातले, त्यांचं येणं त्याच्याही नंतरचं.

कुठे कोण: सेंट पॉल आणि फ्रेस्नोला ह्मोंग, लाँग बीच आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला ख्मेर, ऑरेंज काउंटी आणि सॅन होजेला व्हिएतनामी, सेंट पॉलला करेन. २०२५ च्या जानेवारीत नवीन निर्वासित घेणं थांबवलं, पण तुमच्याकडे येणारे बहुतेक जण इथे आधीच आलेले किंवा इथेच जन्मलेले असणार, त्यामुळे काम काही कमी होत नाही.

जेनेटिक्सचा संबंध मलेरियाशी. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हिमोग्लोबिनचे काही बदल टिकून राहिले. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल का जास्त, तेच लॉजिक. थायलंड, लाओस, कंबोडिया जिथे एकमेकांना भिडतात त्या पट्ट्यात हिमोग्लोबिन ई (हिमोग्लोबिनचा असाच एक बदललेला प्रकार) इतकं आहे की काही गावांत निम्म्या लोकांत सापडतं. आसाम आणि बंगालमधे पण आहे, त्यामुळे भारतात शिकताना तुम्ही ते पुस्तकात तरी पाहिलेलं असेल.

पायरी २: फॅमिली हिस्टरी, पण घाईने नको

चार्ट उघडलात की पहिल्यांदा जन्मतारीख बघा. १ जानेवारी, १ जानेवारी, १ जानेवारी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलंय. कॅम्पमधे ज्यांना तारीख माहीत नव्हती त्यांना कागदावर ती देऊन टाकली. आपल्याकडे शाळेतल्या गुरुजींनी अख्ख्या गावाला १ जून दिली, तसंच. मग वय विचारायचं असेल तर "त्या वेळी शेतात कामाला जायला लागला होतात का, लग्न झालं होतं का" असं विचारायचं. माझ्या आजीचं वय आम्ही असंच काढलं होतं, भूकंपाच्या वेळी कडेवर कोण होतं त्यावरून.

नावं. ह्मोंगमधे बायको लग्नानंतर आपल्या बापाचंच कूळ लावते, नवरा वांग आणि बायको शियाँग हे अगदी नॉर्मल, त्यावरून "लग्न झालंय ना?" असं विचारून बसू नका. करेन लोकांत आडनावच नसतं परंपरेने, बाप-लेकाच्या नावात काहीच सारखं नसेल. फॉर्ममधल्या "लास्ट नेम"वर विश्वास ठेवून पेडिग्री, म्हणजे घराण्याचा तक्ता, काढलीत तर फसाल.

आता आपल्याला जमणारी गोष्ट. ह्मोंगांत कूळ म्हणजे आपल्या गोत्रासारखं, अमेरिकेत साधारण १८ कुळं मोजतात, एका कुळात लग्न म्हणजे भावा-बहिणीचं लग्न, अगदी ओळखदेख नसली तरी. पण मामाची मुलगी चालते, कारण तिचं कूळ वेगळं. ओळखीचं वाटतंय ना? माझ्याबरोबरच्या अमेरिकन विद्यार्थिनीला हे पटवून घ्यायला अर्धा तास लागला, मला अर्ध्या मिनिटात कळलं, माझ्या सख्ख्या आत्याने मामाच्या मुलाशी लग्न केलंय. मुद्दा असा की "नात्यात लग्न आहे का?" असं विचारलंत तर "नाही" असंच उत्तर येईल, कारण त्यांच्या हिशोबात ते नात्यात नाहीये. "तुझी आई आणि सासरे एकमेकांचे कोण लागतात?" असं विचारा. आपल्या माणसांना पण असंच विचारावं लागतं खरं तर.

आणि वडील कशाने गेले, भाऊ किती, हे प्रश्न ख्मेर माणसाला विचारताना थांबा. १९७५ ते ७९ मधे ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याच्या राजवटीत अंदाजे १७ लाख माणसं मेली, उपासमारीने, आजाराने, मारून टाकून. तुमच्या पेडिग्रीमधला तिरपी रेघ मारलेला चौकोन म्हणजे त्या बाईच्या डोळ्यासमोर गेलेला भाऊ. मी आधी सांगते की काही प्रश्न घरच्या गेलेल्या माणसांबद्दल आहेत, रक्ताचा आजार शोधायला विचारतेय, नको वाटलं तर सोडून देऊ. आणि खरंच सोडते. थॅलॅसेमियासाठी (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा वारशाने येणारा आजार) मेलेल्या काकांची गरज नसते, रक्ताचा रिपोर्ट पुरतो.

एक नाजूक गोष्ट. कागदावर ज्याला मुलगा लिहिलंय तो भाचा असू शकतो. कॅम्पमधे पोरकी झालेली पोरं कोणी ना कोणी आपली म्हणून आणली, आणि फाइलमधे तसं लिहिलं. डीएनए तपासणीच्या आधी एकटं गाठून सांगा की या टेस्टमधून रक्ताचं नातं पण कळू शकतं, आणि आपलं ऑफिस सरकारच्या इमिग्रेशन खात्याला काही कळवत नाही. हे न सांगता रिपोर्ट हातात आला तर पुढचं संभाषण तुमच्याच्याने होणार नाही, माझ्याच्याने पण झालं नव्हतं.

पायरी ३: साधा सीबीसी नीट वाचा

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी. हा भाग मी लांबवणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

एक ख्मेर मावशी, साठीच्या आसपास, माझ्याकडे नातीच्या रिपोर्टसाठी आल्या होत्या. त्यांनी तांदळाच्या रिकाम्या पिशवीतून औषधं काढून टेबलावर मांडली. आयर्नच्या गोळ्यांच्या सात बाटल्या, दोन तर सीलबंद. एका क्लिनिकमधे अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी हिमोग्लोबिन कमी बघून आयर्न लिहून दिलं होतं, नंतर कोणी बदललं नाही, त्या पण निमूट घेत राहिल्या कारण डॉक्टरने सांगितलंय. पोट कायम बिघडलेलं. हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६६, आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) भरपूर, म्हणजे शरीरात लोह कमी नव्हतंच कधी. बाईंच्यात हिमोग्लोबिन ई दोन्हीकडून आलेलं होतं, ज्याला ईई म्हणतात, ज्याने तब्येतीला सहसा काही होत नाही, फक्त लाल पेशी लहान असतात. अकरा वर्षं गोळ्या, फुकट.

तर नियम असा. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका लाल पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली दिसलं की दोनच मोठे संशयित, लोह कमी किंवा थॅलॅसेमियाचं कुटुंब. फेरिटिन करा. फेरिटिन कमी असेल तर आयर्न द्या आणि भरून आल्यावर परत बघा, कारण दोन्ही एकत्र पण असतात. फेरिटिन ठीक असेल तर आयर्न बंद आणि पुढची तपासणी. निर्वासित म्हणून आल्यावर पहिल्या ९० दिवसांत जी आरोग्य तपासणी होते त्यात सीबीसी असतोच, त्यामुळे नवीन टोचण्याआधी जुना रिपोर्ट मागवा.

टोचण्यावरून आठवलं. बऱ्याच म्हाताऱ्या ह्मोंग लोकांना वाटतं की काढलेलं रक्त परत भरून येत नाही, माणूस तेवढा अशक्त होतो. यावर लेक्चर देऊ नका. एकाच वेळी सगळं काढा, आणि ट्यूब दाखवा: जांभळ्या बुचाची एक ट्यूब ३-४ मिली, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी, आणि त्यात सीबीसी, इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघायची तपासणी), डीएनए बऱ्याचदा भागतं. फेरिटिनला एक वेगळी. मी खरोखर ड्रॉवरमधे एक चमचा ठेवलाय, पाणी ओतून दाखवते. लॅबवाले हसतात, हसू देत.

पायरी ४: पुढची तपासणी आणि जोडीचा हिशोब

इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (तेच काम करणारी दुसरी तपासणी) नॉर्मल आलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनतं, ज्या साखळीत दोष त्या नावाचा थॅलॅसेमिया. कॅरियर म्हणजे ज्याच्यात दोष आहे पण स्वतः आजारी नाही. अल्फा थॅलॅसेमियाचा कॅरियर त्यात दिसत नाही, त्याला डीएनएच लागतं. आणि हेच नेमकं या लोकांत महत्त्वाचं. अल्फाचे चार जीन असतात, आईकडून दोन, बापाकडून दोन. भारतात किंवा आफ्रिकेत कॅरियर असला तरी सहसा एकेका बाजूचा एकेक गेलेला असतो. इथे जो साउथईस्ट एशियन डिलिशन म्हणतात तो एका बाजूचे दोन्ही जीन एकदम उडवतो. नवरा-बायको दोघंही तसे असतील तर दर गरोदरपणात चारातली एक शक्यता की बाळाकडे एकही अल्फा जीन नाही. त्याला बार्ट्स हायड्रॉप्स म्हणतात, बाळ पोटातच किंवा जन्मताच जातं, आणि आईचं बीपी वाढून तिच्याही जिवावर बेततं. हल्ली पोटात असतानाच रक्त देऊन काही बाळं वाचवतात, पण पुढे आयुष्यभर रक्त चढवणं किंवा ट्रान्सप्लांट. म्हणून भारतात शिकलेली सवय, की बीटा बघितला की पुरे, ती इथे विमानतळावरच सोडून या.

हिमोग्लोबिन ई मशीनवर एटू (प्रत्येकात थोडं असणारं हिमोग्लोबिन ए२) च्या खिडकीतच दिसतं. त्या खिडकीत ४-५ टक्के दिसले तर बीटा कॅरियरचा विचार, २५-३० दिसले तर ई. एकदा मी घाईत एटू २६ बघून मशीन खराब म्हणून सँपल परत पाठवलं होतं, असो.

जोड्या अशा लक्षात ठेवा. ई आणि ई: काळजी नाही, फक्त बाळाला उगाच आयर्न देऊ नका. ई आणि बीटा: इथे थांबा, कारण ई-बीटा थॅलॅसेमिया कुणाला नुसता अशक्तपणा देतो आणि कुणाला दर महिन्याला रक्त, आणि आधीपासून सांगता येत नाही. दोन-जीन-गेलेला आणि एक-जीन-गेलेला अल्फा: एचबी एच, बहुतेक मुलं ठीक वाढतात पण तापात हिमोग्लोबिन धाडकन पडू शकतं. त्यात कॉन्स्टंट स्प्रिंग नावाचा प्रकार मिसळला असेल तर जास्त त्रास. दोन-जीन आणि दोन-जीन: आजच्या आज फोन. ई आणि सिकल: सहसा सौम्य, पण हिमॅटॉलॉजीला दाखवा. हे शेवटचं लिहितेय कारण आता दुसऱ्या पिढीत लग्नं सगळीकडे होतात. माझ्याकडे लाओ मुलगी आणि सिंधी मुलगा अशी जोडी आली होती, तिला ई, त्याला बीटा, आणि त्याच्या आईचं म्हणणं की आमच्यात असलं काही नसतं. सिंध्यांत बीटा किती असतो हे उल्हासनगरच्या कोणत्याही लॅबवाल्याला विचारा.

जोडीदाराची तपासणी त्याच दिवशी लावा. "पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या" म्हणालात की नवरा फॅक्टरीत सेकंड शिफ्टला असतो आणि तीन महिने जातात.

पायरी ५: दुभाषी

घरच्या पोरांना दुभाषी करायचं नाही. लहान मुलांना तर नियमानेच मनाई आहे, इमर्जन्सी सोडून. क्लिनिकने दुभाषी फुकट द्यायचा असतो, हा पेशंटचा हक्क आहे, उपकार नाहीत. बारा वर्षांच्या मुलीला आईला सांगायला लावायचं की तुझं बाळ जगणार नाही, विचार करा.

पण प्रोफेशनल दुभाषी आला म्हणजे पण झालं असं नाही. माझा फसलेला किस्सा. ह्मोंग जोडपं, बायको कॅरियर. मी दोन मिनिटं छान बोलले, दुभाषी एक वाक्य बोलला, सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन आठवड्यांनी नर्सचा फोन, ती बाई वेगळ्या वाटीत जेवतेय. "कॅरियर"चं भाषांतर झालं होतं "आजार घेऊन फिरणारी", म्हणजे हेपटायटिस बी सारखं, ज्याच्याबद्दल त्यांना आधीच खूप सांगून घाबरवलेलं असतं. मी चिडणार होते, मग आठवलं की आपण मराठीत "वाहक" म्हणतो, आणि एसटीत वाहक म्हणजे तिकीट फाडणारा. कोणत्या तोंडाने चिडू?

तेव्हापासून सेशनच्या आधी पाच मिनिटं दुभाष्यासोबत. आज हे चार शब्द येणार आहेत, तुम्ही कसे सांगाल, मला परत इंग्लिशमधे सांगा. "जीन"ला ह्मोंगमधे घरगुती शब्द नाही, वाक्य करून सांगावं लागतं. व्हिएतनामीत थॅलॅसेमियाला जे नाव प्रचलित आहे, तान माउ बाम सिन्ह, त्याचा अर्थ जन्मतः रक्त विरघळणं, म्हणजे नुसत्या कॅरियरला ते नाव ऐकवलं तर ती रात्रभर झोपणार नाही. मी म्हणवून घेते: "तुमच्या रक्ताच्या पेशी आई-बाबांसारख्या लहान आहेत. तुम्ही आजारी नाही. हे जेवणातून, स्पर्शातून, कपड्यातून कुणाला लागत नाही. फक्त मुलं होताना बघावं लागतं." चार वाक्यं. मधे थांबायचं, प्रत्येक वाक्यानंतर.

ख्मेर दुभाषी पेशंटला "बाँग" म्हणतील, म्हणजे आपलं ताई-दादा. तुम्ही पण म्हणा, मिसेस अमुकतमुकपेक्षा खोली लगेच मऊ होते. आणि मोठ्यांच्या डोक्याला हात लावू नका, बाळाच्या पण विचारून.

पायरी ६: चारातला एक कसा सांगायचा

"चारातला एक" ऐकून लोकांना वाटतं की एक झालं, आता पुढची तीन सुरक्षित. हा गैरसमज आपल्या सातारा-सांगलीत पण आहे, एमबीएवाल्यांत पण आहे. मी दोन नाणी वापरते, एक आईच्या हातात, एक बाबांच्या. छापा म्हणजे चांगली बाजू, काटा म्हणजे कमी असलेली बाजू. दोघांनी एकदम टाकायचं. दोन काटे आले तर आजारी बाळ. मग परत टाकायला लावते, परत, परत. कधी लागोपाठ दोनदा दोन काटे येतात, कधी दहा वेळा येतच नाहीत, आणि मग आजोबा म्हणतात, नाण्याला आधीचं आठवत नाही. हेच ऐकायचं असतं मला.

ह्मोंग शामान म्हणजे त्यांचे देवऋषी, ते त्सी नेंग म्हणतात, शिंगाच्या दोन फाकी जमिनीवर टाकून उत्तर बघतात, आपल्या कोकणातल्या कौलासारखं. मला एकदा मोह झाला होता की तेच उदाहरण घ्यावं. दुभाषीबाईंनी डोळ्यांनीच नको म्हटलं. बरोबर होतं त्यांचं, देवाची वस्तू आपण बाहेरच्यांनी पाठ्यपुस्तक करू नये.

शेवटी परत विचारायचं: घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल? परीक्षेसारखं नको, "मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू दे" अशा सुरात. जे येईल ते वाक्य चार्टमधे तसंच्या तसं लिहा. हू प्ली म्हणजे आत्म्याला परत बोलावायचा विधी करायचा आहे म्हणाले, मनगटाला दोरा बांधायचा आहे म्हणाले, तर करा म्हणा आणि अपॉइंटमेंट त्याच्या आजूबाजूला लावा. दोऱ्याने रिपोर्ट बिघडत नाही. बाळाच्या पाठीवर नाण्याने घासल्याचे लाल पट्टे दिसले तर तो वारा काढायचा घरगुती उपाय असतो, मारहाण समजून आधीच फोन फिरवू नका, सीनियरला दाखवा.

पायरी ७: गरोदर बाई आली तर घड्याळ लावा

२०२२ पासून अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की ही हिमोग्लोबिनची तपासणी वंश न बघता प्रत्येक गरोदर बाईला देऊ करावी. चांगलं झालं, आधी आडनाव बघून ठरवायचे. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर हिशोब: सीव्हीएस (वारेचा तुकडा घेऊन) १० ते १३ आठवडे, ॲम्निओ (गर्भजल घेऊन) १५ नंतर. बाई १४ व्या आठवड्यात आली आणि नवऱ्याचा रिपोर्ट यायला तीन आठवडे, तर दोघांचे नमुने एकदम पाठवा. सुई नको असेल तर बार्ट्ससाठी सोनोग्राफीत बाळाचं हृदय आणि वार यांची मापं वरचेवर बघता येतात, ते पण सांगा.

निर्णय कुटुंबात होतो, कधी कुळातले मोठे लोक येतात, खोलीत आठ जण. येऊ द्या, खुर्च्या आणा. पण त्याआधी बाईला एकटीला पाच मिनिटं, उंची-वजन घेण्याच्या निमित्ताने. काही नको म्हणाली तर तेही उत्तरच आहे. तुमचं काम गर्भपात करवणं नाही की थांबवणं नाही. बाळ ठेवलं तर आईचं बीपी कोण बघणार, कुठे बाळंत होणार, याचा प्लॅन तेवढ्याच आपुलकीने करा.

बाळ झाल्यावर टाचेतल्या रक्ताच्या तपासणीचं पत्र येतं. "एफ ई" (म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन एफ आणि ई, नेहमीचं ए नाही) लिहिलेलं असेल तर ते निरुपद्रवी ईई असेल किंवा ई-बीटा असेल, त्या वयात कळत नाही, आई-बाबांचे सीबीसी करा, बाळाचं परत करा.

पायरी ८: थॅलॅसेमिया सोडून

पटापट सांगते. जी६पीडी (लाल पेशी जपणारं एन्झाइम) कमी असणं, मुलग्यांत जास्त, ठराविक औषधं आणि कपाटातल्या डांबरगोळ्या यांनी रक्त फुटतं, बाळाचे कपडे त्या गोळ्यांत ठेवू नका. फिट्सचं कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी एचएलए-बी १५:०२ हा जीनचा प्रकार तपासा, २००७ पासून औषधावरच तसा इशारा आहे, नाहीतर कातडी सोलून निघणारी भयानक रिॲक्शन होऊ शकते. ह्मोंग पुरुषांत गाउट (युरिक ॲसिडने सांधे दुखणं) बराच दिसतो, तिथे त्यावरचं ॲलोप्युरिनॉल देण्याआधी एचएलए-बी ५८:०१ च्या तपासणीचा विचार करा.

आणि एक झोपेतला मृत्यू. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला धडधाकट ह्मोंग तरुण रात्री झोपेत जायला लागले, घरच्यांनी सांगितलं दा चॉ छातीवर बसला, म्हणजे भूत. नंतर कळलं की त्यातल्या बऱ्याच केसेस ब्रुगाडा सिंड्रोमशी जुळतात, हृदयाच्या विजेचा वारशाने येणारा बिघाड. म्हणून "कोणी तरुण माणूस झोपेत गेला का?" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. हो आलं की ईसीजी आणि कार्डिओलॉजी, आणि दा चॉबद्दल वाद घालत नाही.

पायरी ९: पैसे आणि भीती

२००८ च्या गिना कायद्याने हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीत जेनेटिक रिपोर्टवरून भेदभाव करता येत नाही. लाइफ इन्शुरन्सला ते संरक्षण नाही, हे लपवू नका. डीएनए टेस्टचं बिल घरी गेलं की माणूस परत येत नाही, म्हणून टेस्टच्या आधी मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) चालू आहे का ते सोशल वर्करकडून बघून घ्या.

पायरी १०: क्लिनिकच्या बाहेर

पत्रकं छापून काउंटरवर ठेवण्यात अर्थ नाही, म्हाताऱ्या लोकांना ह्मोंग बोलता येतं पण वाचता येतंच असं नाही, रोमन लिपीतलं ह्मोंग १९५० च्या दशकात बनलं आणि डोंगरातल्या सगळ्यांपर्यंत ते पोचलं नव्हतं. नातवंडांना इंग्लिश वाचता येतं पण ह्मोंग नाही. दोन मिनिटांचा ऑडिओ करा, ओळखीच्या आवाजात, तो फोनवर फिरतो.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे ह्मोंग न्यू इयर, नोव्हेंबर-डिसेंबरमधे असतं. तिथे तरुण मुलं-मुली समोरासमोर रांगेत उभी राहून चेंडू झेलतात, म्हणजे आपल्याकडच्या कांदेपोह्यांचा मैदानी प्रकार. लग्न ठरायच्या आधी भेटायचं तर याहून बरी जागा नाही. ख्मेर आणि लाओ नवं वर्ष एप्रिलच्या मध्यात, व्हिएतनामी नवं वर्ष, तेत, जानेवारी-फेब्रुवारीत. स्टॉलवर रक्त काढू नका, सणाच्या दिवशी कोणी रक्त देत नाही. नाणी ठेवा, खेळू द्या, नंबर घ्या.

मग जानेवारीत फोन लावा, संध्याकाळी सहानंतर. उचलणार नाहीत. परत लावा. तिसऱ्यांदा मेसेज टाका, आणि मेसेजमधे थॅलॅसेमिया हा शब्द लिहू नका, फोन घरात हातोहात फिरतो आणि मुलीचं लग्न ठरत असतं. नुसतं लिहा, नाणी टाकायला परत या, खुर्ची रिकामी ठेवलीय.